मदत हवी आहे: होस्टनेम बदललं, लॉगमध्ये मात्र जुनंच नाव

नमस्कार मंडळी. इंदूरला राजवाड्याजवळच्या एका ऑफिसचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. सगळ्यांचे लॉग (काय घडलं त्याच्या नोंदी) एका मुख्य सर्व्हरवर येतात आणि तिथे होस्टनेमप्रमाणे, म्हणजे मशीनच्या नावाप्रमाणे, फोल्डर पडतात. एका मशीनचं नाव चालू असतानाच 'स्टोअर'वरून 'बिलिंग' केलं. जर्नलडी या लॉग ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदींत नवं नाव लगेच आलं, कारण तो कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) होस्टनेमवर नजर ठेवून असतो. लॉग मुख्य सर्व्हरकडे पाठवणारा आरसिसलॉग मात्र सुरू होताना वाचलेलं नावच धरून बसला. आता रात्री कोणाचं लॉगिन फसलं हे शोधायला गेलं की भलतंच फोल्डर उघडलं जातं.

आरसिसलॉगची सर्व्हिस रीस्टार्ट केली की नाव सुधारतं, ते ठाऊक आहे. पण डीएचसीपीने (नेटवर्कवर मशीनना पत्ते वाटणाऱ्या सेवेने) बूटनंतर नाव बदललं तर? सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीची पाथ युनिट (फाइल बदलली की ठरलेलं काम सुरू करणारी सोय) होस्टनेमच्या फाइलीवर लावता येते, पण हे तात्पुरतं नाव त्या फाइलीत येतच नाही.

जुन्या ओळींतलं नाव मागाहून बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या वेळचं नाव हाच पुरावा. म्हणून नावाऐवजी मशीन-आयडीवरून (प्रत्येक मशीनच्या वेगळ्या ओळख-क्रमांकावरून) फोल्डर पाडायचा विचार आहे. कोणी असं करतं का? फोल्डरचं नाव ठरवणारा तुमचा आरसिसलॉगचा टेम्प्लेट कृपया इथे टाका.