बिल्ला म्हणू की झेंडा?

एक शब्द अडलाय. भाच्याला जुन्या वस्तूंचा नाद, त्यानं पहिल्या महायुद्धातले इंग्लंडचे कागदी झेंडे मिळवलेत, पोस्टाच्या तिकिटाएवढे, टाचणीला चिकटवलेले, टाचणी गंजून कागदावर तांबडा डाग उतरलाय. 1914 पासून तिकडं 'फ्लॅग डे' करायचे, बायका ट्रे आणि डबा घेऊन रस्त्यात उभ्या, पैसे टाकले की कोटाला हे टाचायचं, पैसे जखमी सैनिकांना, बेल्जियमच्या निर्वासितांना वगैरे. आता प्रदर्शनात खाली चिठ्ठी लावायचीय. मी 'मदतनिधी बिल्ला' लिहिलं तर आई म्हणती, बिल्ला हमालाच्या दंडाला असतो, ह्याला कसला बिल्ला?

— आईंचं बरोबर आहे की ओ. सोलापूर स्टेशनवरच्या हमालाचा पितळी बिल्ला आठवा, नंबर कोरलेला. बिल्ला माणूस कोण ते सांगतो, आणि तो कुणीतरी देतं, रस्त्यात विकत मिळत नाही. चपरास पण तसलीच, पट्ट्यावरची पितळी पट्टी, त्यावरनं चपरासी. चपरास गेली, चपरासी राहिला. तुमच्या झेंड्याचं काम वेगळंय, तो लावला की पुढच्या चौकातली बाई परत डबा वाजवत नाही. म्हणजे छातीवर टाचलेली पावतीच ती. आपण वर्गणी दिली की 'पावती फाडली' म्हणतो ना, तसं. (गणपतीत दुकानदार पावती काचेला चिकटवतात तरी दुसरं मंडळ ऐकत नाही ते सोडा.) तिकडं पण हे इतकं वाढलं की 1916 ला रस्त्यावर पैसे गोळा करण्यावर नियम घालायला कायदा करावा लागला.

— आपल्याकडं 7 डिसेंबरचा ध्वजदिन आहेच की, 1949 पासनं. लाल, गडद निळा, फिकट निळा, तिन्ही दलांचे रंग. शाळेत बाई 'झेंड्याचे पैसे आणा' म्हणायच्या, 'बिल्ल्याचे' कधीच नाही. आणि तो टाचायचा असतो, बिल्ला लावायचा असतो, क्रियापदच वेगळं.

— पटलं, झेंडाच लिहितो. पण भाच्याकडं ऑस्ट्रेलियाचं पण एक आहे, पत्र्याचं गोल, मागं पिन, तिकडं असली बटणं विकायचे आणि त्या दिवसाला 'बटन डे' म्हणायचे. ह्याला झेंडा कसं म्हणू? बटण लिहिलं तर लोक शर्टाचं समजतील.

— त्याला बिल्ला चालेल. निवडणुकीत छातीवर लावतात तो असाच असतो, पत्र्याचा, गोल. फक्त 'मदतनिधी' काढा आधीचं, 'मदतीसाठी विकलेला बिल्ला' असं सरळ लिहा, आईंना पण चालेल.