कॅम्पर व्हॅन घेऊन कोकणात बायबल भाषांतराच्या कामाला हातभार: काय काम करता येईल?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं निवृत्त, स्वतःची कॅम्पर व्हॅन आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात राहून, मालवणीत बायबलचं भाषांतर करणाऱ्या एका छोट्या गटाला मदत करायची आहे. अमेरिकेत निवृत्त जोडपी मोटरहोम घेऊन विक्लिफ या बायबल भाषांतर संस्थेच्या कामासाठी अशीच जातात, नॉर्थ कॅरोलायनातल्या वॅक्सहॉच्या जार्स या तिच्या सहयोगी संस्थेच्या केंद्रात मुक्काम करून सुतारकाम, वायरिंग करतात. आम्हाला मराठी टायपिंग चांगलं येतं. मालवणी समजते, पण ती आमची बोली नाही. काम काय मागावं? गाडी चर्चच्या आवारात लावणार, तर विजेचं काय बघायचं? माझे दीर-जाऊ अमेरिकेहून येऊन महिनाभर सोबत काम करू म्हणतात, दोघंही ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक). चालेल का?

कानामात्रा:
ताई, मजकुराला हात लावायचा नाही, एवढं आधी ठरवा. प्रमाण मराठीत वाढलेला माणूस तपासता तपासता 'माका'चं 'मला' करून टाकतो आणि त्याला ते कळतही नाही. पॅराटेक्स्टमध्ये, म्हणजे बायबल भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये, मजकूर बदलण्याचा अधिकार नसलेलं खातं मागा. सापडेल ते टिपणात लिहा, दुरुस्ती गट करील.

तुमच्याजोगं काम म्हणजे किचकट तपासण्या. पहिली अध्याय-वचनांची: गळालेलं किंवा दोनदा आलेलं वचन तिथेच सापडतं. मग अर्धवट राहिलेली अवतरणचिन्हं आणि कंस. त्यानंतर शब्दसूची, आणि तिथे भरपूर वेळ द्या. हुबेहूब एकच शब्द सूचीत दोनदा दिसला, तर तो शुद्धलेखनाचा नाही, युनिकोडचा घोळ. 'ॲ' एकसंध अक्षर म्हणून टंकता येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्यांना सारखंच, संगणकाला वेगळं. जोडाक्षरात घुसलेलं न दिसणारं जोडचिन्ह हेही नेहमीचं कारण. कोणतं रूप ठेवायचं ते गटाला विचारून सगळ्या पुस्तकांत एकदमच बदलून घ्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधून आणलेल्या मजकुरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलेली असते. तिथे छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडण्याला पर्याय नाही.

हे कंटाळवाणं आहे खरं. पण भाषांतरकाराचे दिवसच्या दिवस यातच जातात, आणि तो वेळ त्याला वाडीत बसून लोकांना वाचून दाखवायला मिळायला हवा.

फेज-न्यूट्रल:
१६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला साधारण ३,६०० वॉट मिळतात, तेही आतली वायर जाड असेल तर. गिझर आणि इंडक्शन दोन्ही २,००० वॉटचे, एकदम लावलेत की भार सॉकेटच्या ताकदीबाहेर जातो, एमसीबी पडू शकते. केबल तीन कोअरची, तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटर, २५ मीटरच्या आत. पूर्ण उलगडून टाका, गुंडाळी तापते.

सगळ्यात जपायचं ते अर्थिंग. जांभ्याचा कातळ फेब्रुवारीपर्यंत खडखडीत सुकतो आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच प्लग काढा. खड्ड्यात पाणी घालत राहा, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, आणि गाडीत विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच हवा.

गाडी माडाखाली नको, नुसती झावळ पडली तरी काच जाते. टॉयलेटची कॅसेट (मैला साठवणारी टाकी) विहिरीच्या आसपास अजिबात रिकामी करू नका, जांभ्यातून पाणी झिरपतं.

गटाला ध्वनिमुद्रण करायचं असेल तर हीच गाडी कामाला येते. गाद्या भिंतींना उभ्या लावा, फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद, लॅपटॉप बॅटरीवर. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाइल. तासाला सुमारे ५२० एमबी होतात. आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कंडेन्सर माइक दमट हवेत चरचरतो, वापर नसताना सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा.

बांदावरून:
दीर-जावेचं आधी निस्तरा. केंद्राच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय कार्डधारकाला मिशनरी कामासाठी एफआरआरओची (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची) किंवा भारतीय वकिलातीची विशेष परवानगी लागते. 'आम्ही फक्त टायपिंग करणार' म्हणून आपणच सूट घेऊ नका. कामाचं स्वरूप लेखी कळवून लेखी उत्तर घ्या, मगच तिकिटं काढा.

महिने बरोबर निवडलेत. भातकापणी-झोडणी आटोपलेली, शिमगा आणि आंब्याची धांदल पुढे, त्यामुळे शेतकरी वाड्यांत ऐकायला माणसं बसतात. मच्छीमार वस्तीत उलटं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हाच माणसं निवांत, आणि त्या पावसात तुमची गाडी इथे नकोच. त्यांच्यासाठी फेब्रुवारीतच ध्वनिमुद्रणाच्या अध्यायवार फाइली कापून, नावं नीट देऊन मेमरी कार्डांवर भरून ठेवा. जूनमध्ये गट ती वस्तीत लावील.