रिकम्बंट ई-सायकलला फेअरिंग: पुढे की मागे?

फोंडेकर: फोंडा-पणजी रोजची ये-जा. दोन चाकी रिकम्बंट (मागे रेलून चालवायची सायकल), २५० वॉटची हब मोटर (चाकातच बसवलेली). बॅटरी जास्त पुरावी म्हणून फेअरिंग (वाऱ्याचा अडथळा कमी करणारं आवरण) करायचंय. सुरुवात कुठून करू?

चाकवाला: शेपटीपासून. सीटमागे निमुळती पेटी, ४ मिमी सनपॅक शीटची (आत नळ्या असलेली पोकळ पॉलिप्रॉपिलिन प्लॅस्टिकची शीट). दोन्ही बाजू १०-१२ अंशांपेक्षा जास्त आत वळवल्या तर हवा पृष्ठभाग सोडते, फायदा संपतो. घडी घालायची तिथे नळीची एकच भिंत कापा. अॅराल्डाइट वापरू नका, पॉलिप्रॉपिलिनला ते धरत नाही. रुंद वॉशर घालून रिव्हेट मारा, नाहीतर काळे झिपटाय. पांढरे उन्हात तडकतात. कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) पेटीत असेल तर हवेला वाट ठेवाच.

मांडवीकाठ: पुढची काच हवीच असेल तर २ मिमी पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लॅस्टिक), फ्रेमला बांधलेली. हँडलला नको. पुलावर आडवा वारा आला की थेट स्टिअरिंगच ओढतो. पुढच्या भागाचं बाजूने दिसणारं क्षेत्रफळ जितकं मोठं तितका हा त्रास. भोकं बोल्टपेक्षा २ मिमी मोठी, खाली रबर वॉशर. थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) काचेला लागू देऊ नका, तडे जातात.

फोंडेकर: आणि पूर्ण बंद कवच?

चाकवाला: गोव्याच्या दमट हवेत? आत उकडून निघाल. शिवाय मोटर ताशी २५ किमीला थांबते. त्या वेगाला कवचाचं वजन चढावर जास्त जाणवेल. नुसती शेपटी बस्स.

मांडवीकाठ: बोल्ट स्टेनलेसचे घ्या. अॅल्युमिनियमला टेकतात तिथे नायलॉन वॉशर, खाऱ्या हवेत सांधा गंजतो.