लॅब्राडॉरचा लठ्ठपणा : दोष कुणाचा?

काठावरचा :
'लॅब (लॅब्राडॉर कुत्रा) आहे, खाणारच' असे म्हणून मालक मोकळे होतात, हे मला मुळीच पटत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्राडॉरांच्या, एकाच विणीतल्या भावंडांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न जन्मभर दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य (निम्मे कुत्रे ज्या वयापलीकडे जगले ते) १३ वर्षे भरले, तर दुसऱ्यांचे ११.२, शिवाय सांध्यांची झीजही कमी खाणाऱ्यांत उशिरा सुरू झाली. वाडगा भरणारा हात माणसाचाच असतो.

पेशीपुराण :
हात माणसाचा हे मान्य; पण भूक कुत्र्याची आहे, आणि ती सर्वांची सारखी नसते. सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरांत भूक आवरण्यात वाटा असलेल्या 'पीओएमसी' या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले. पुढे २०२४ मध्ये असेही आढळले की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मधल्या वेळात भूक अधिक छळते आणि विश्रांतीच्या अवस्थेत त्यांची ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी खर्च होते. म्हणजे शेजारच्या कुत्र्याला पुरणारे माप यांना जास्तच होणार. अशा मालकाला सरसकट बेजबाबदार ठरवणे अन्यायाचे आहे.

काठावरचा :
आपण दिलेली माहिती माझ्याच बाजूची आहे. ऊर्जा कमी लागते, तर अन्नही कमीच हवे. पाकिटावरचा तक्ता बाजूला ठेवून बरगड्यांवरून तळहात फिरवावा. न दाबता त्या हाताला लागल्या नाहीत, तर माप उतरवायचे. शिकवताना दिलेला खाऊही रोजच्या मापातूनच वजा व्हायला हवा, आणि नेमके तेच कुणी करत नाही.

तिसरी घंटा :
दोघेही पैदास करणाऱ्याला विसरलात. हिप डिसप्लेशियात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत नीट बसत नाही, आणि त्याची प्रवृत्ती आनुवंशिक असते. आईबापांच्या खुब्यांचे व कोपरांचे एक्स-रे न पाहता पिल्लू विकले गेले, तर मालक पुढे वजन आवरून दुखणे सौम्य करू शकेल, मुळात टाळू शकणार नाही.

पेशीपुराण :
हेच म्हणतो. मात्र 'पीओएमसी' जनुकातला तो बदल अपंगांचे सहायक म्हणून काम करणाऱ्या लॅब्राडॉरांत कितीतरी अधिक आढळतो, त्यामुळे तो पैदाशीतून हटवायला निघालो तर खाऊच्या आशेने चटकन शिकणारा स्वभावही कदाचित हातचा जाईल. ती किंमत कुणाला परवडेल, हे आधी ठरवा.