ॲक्सिलरेटर सोडल्यावर आरपीएम अडकतो, आयडलला उशिरा येतो

घाटमाथा
१.३ लिटर पेट्रोल, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर), केबलचं थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप), मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजणारा). वरून सिक्वेन्शियल सीएनजी किट. इंजिन गरम असताना न्यूट्रलमध्ये ३००० पर्यंत रेस करून सोडलं की आरपीएम १५०० वर अडकतो, मग चार-पाच सेकंदांनी हळूहळू ८०० ला येतो. पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर तसंच. चेक लाइट नाही. स्कॅनरवर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू) कूलंट ८८ अंश, टीपीएस (थ्रॉटल किती उघडलंय ते सांगणारा सेन्सर) ०.६ व्होल्ट, आयएसी (आयडलला हवा सोडणारा व्हॉल्व्ह) ४ स्टेप, फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणातली दुरुस्ती) जवळपास शून्य. गॅरेजवाले थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवायचा म्हणतात. फिरवू द्यावा का?

फीलरगेज
अजिबात नको. तो स्क्रू बटरफ्लाय (थ्रॉटलमधली फिरणारी चकती) बोअरमध्ये रुतू नये म्हणून कारखान्यातच लावलेला असतो. फिरवलात तर टीपीएसचा बंद-थ्रॉटलचा आकडा बदलेल आणि मूळ दोष तसाच राहील.

तुमच्या आकड्यांत महत्त्वाचा आहे तो ४ स्टेपचा. म्हणजे आयएसी जवळजवळ पूर्ण बंद आहे, तरी इंजिनाला ८०० ला पुरेल इतकी हवा दुसरीकडून मिळतेय. रेस सोडल्यावर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आयएसी मुद्दाम सावकाश मिटवतो, नाहीतर इंजिन बंद पडेल. त्यात ही जादा हवा मिळाली की तुमचे ते चार-पाच सेकंद होतात.

आधी फुकटचं बघा. इंजिन गरम असताना थ्रॉटलच्या टोकाला केबलला थोडा ढिलेपणा हवा. मॅन्युअलमधला आकडा पाळा. मग इंजिन बंद करून, इनटेक पाइप काढून बटरफ्लाय हाताने उघडा आणि सोडा. शेवटी खट्ट आवाज करून बसायला हवा. चिकटत असेल तर क्लीनर कापडावर घेऊन कडा आणि शाफ्टजवळचा काजळीचा थर पुसा. थेट फवारलं तर टीपीएसमध्ये उतरतं.

मॅनिफोल्ड_४
ट्रिम शून्य आहे म्हणून लीक नाही असं धरू नका. एअरफ्लो मीटरच्या गाडीत लीकची हवा मोजलीच जात नाही, म्हणून ट्रिम अधिककडे जातो. मॅप सेन्सरच्या गाडीत लीकमुळे मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोलही वाढवतो. ट्रिम शांत, आरपीएम चढा.

सीएनजी किट आहे म्हणजे पहिला संशय मॅनिफोल्डला भोक पाडून बसवलेल्या चार नोझलवर, आणि रेड्युसरकडे (गॅसचा दाब कमी करणारा भाग) जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या टी-जोडावर. गाडी उभी ठेवून, आयडलला असताना पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा), रेड्युसरचा आणि ब्रेक बूस्टरचा पाइप एकेक करून चिमटा. ज्याने आरपीएम पडेल तिकडे बघा. नोझलच्या बुडाशी साध्या स्प्रे बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा, कॉइल सांभाळून. कार्ब क्लीनर मारू नका, तो एक्झॉस्टजवळ पेट घेतो.

घाटमाथा
पाइप चिमटून फरक नाही. पण ३ नंबरच्या नोझलवर पाणी पडताच आरपीएम घसरतो आणि फुसफुस थांबते.

मॅनिफोल्ड_४
सापडलं. सीएनजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस संपेपर्यंत चालवा, मग इंजिन थंड करून नोझल काढा. आटे शाबूत असतील तर पेट्रोलला टिकणारं थ्रेड सीलंट लावून बसवा. साधं सिलिकॉन पेट्रोलच्या वाफेने फुगून सुटतं. आटे गेले असतील तर मॅनिफोल्ड उतरवूनच नवे पाडा. जागेवर टॅप फिरवला तर ॲल्युमिनियमचा कीस थेट इनटेकमध्ये. हे काम सीएनजी फिटरकडून करून घ्या आणि शेवटी साबणाच्या पाण्याने गॅस लीक तपासा.

फीलरगेज
नंतर ईसीयूने आयडल नव्याने शिकावं म्हणून बॅटरीची निगेटिव्ह थोडा वेळ काढून ठेवा (रेडिओचा कोड आधी लिहून घ्या). ॲक्सिलरेटरला पाय न लावता पेट्रोलवर सुरू करा, रेडिएटरचा फॅन दोनदा लागेपर्यंत आयडलला ठेवा, मग थोडा वेळ एसी लावून. आयएसीचा आकडा ४ च्या बराच वर गेला पाहिजे. आणि स्कॅनरवर "क्लोज्ड थ्रॉटल" ऑन दिसतंय ना, तेही बघा. ते ऑफ असेल तर ईसीयूला पाय उचलल्याचं कळतच नाही, आणि मग टीपीएसकडे वळावं लागेल.