सुझन मूर यांचा व्हिडिओ: मोबाइलने साधलं काय?

खडीसाखर: ४ डिसेंबर २०२०. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात डॉ. सुझन मूर कोविडने रुग्णालयात. नाकात ऑक्सिजनची नळी, धाप लागलेली, तरी फेसबुकवर सांगताहेत: माझ्या दुखण्यावर डॉक्टरांचा विश्वास नाही, गोरी असते तर हे सोसावं लागलं नसतं. २० तारखेला त्या गेल्या. वय ५२. स्वतः डॉक्टर असून ही गत! माझ्या मते त्या काळात कृष्णवर्णीयांना दाद मागायला मोबाइल हीच खरी जागा उरली होती.

गावकूस: दाद मागितली, मिळाली का? बाई गेल्याच. पुढे बाहेरच्या तज्ज्ञांनी चौकशी केली. उपचारांमुळे मृत्यू ओढवला नाही, सहानुभूती मात्र कमी पडली, असा निष्कर्ष. त्यापेक्षा फिलाडेल्फियाच्या डॉ. अला स्टॅनफर्ड बघा. मुलांच्या सर्जन. एप्रिल २०२० मध्ये भाड्याची व्हॅन घेऊन चर्चच्या पार्किंगमध्ये फुकट चाचण्या सुरू केल्या. नाकात काडी घालायला शेवटी माणूसच लागतो हो.

तिरफळ: शिवाय ‘काळ्यांना कोरोना होत नाही’ ही अफवा पसरली ती याच मोबाइलवरून.

खडीसाखर: आणि ती खोडली कुठून? १६ मार्च २०२० ला इद्रिस एल्बा या कृष्णवर्णीय ब्रिटिश नटाने स्वतःला लागण झाल्याचं ट्विटरवरच सांगितलं, मग त्या अफवेलाही झोडपलं. अमेरिकेच्याच अलाबामा राज्यातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीयांना मुद्दाम उपचाराविना ठेवलं. पेनिसिलिन हाताशी असताना! त्यांच्या नातवंडांना सरकारी पत्रक दाखवून लस घ्या म्हणणार? १४ डिसेंबर २०२० ला न्यू यॉर्कच्या कृष्णवर्णीय नर्स सँड्रा लिंडसे यांनी कोविडच्या लशीसाठी दंड पुढे केला, तो फोटो लोकांनी एकमेकांना पाठवला तो उगाच नाही.

गावकूस: फोटोचं मान्य. व्हिडिओचं नाही.

उंबरठा: दोघांच्याही नजरेतून एक सुटलं. त्याच डिसेंबरात मिशिगनच्या संशोधकांनी दाखवलं की बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन ८८ च्या खाली, असं गोऱ्यांच्या ३.६ टक्के नोंदींत घडलं, कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के. म्हणजे रुग्ण ‘जीव घुसमटतोय’ म्हणतो, यंत्र ‘ठीक आहे’ म्हणतं, आणि डॉक्टर यंत्राचं ऐकतो. हे हॅशटॅगने नाही, नोंदी तपासून कळलं. पण रुग्ण आधीपासून ओरडत होतेच ना?

२०२१ मध्ये आईच्या बोटाला ती चिमटी लावून ९४ दिसले की आम्ही हुश्श करायचो. आई चांगली सावळी. तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.