कागदी टेप लॅपटॉपवर वाचतोय. जिकडेतिकडे ‘ई’ आणि मधूनच घंटी

भोसरीकर:
मंडळी, बाबा एका कारखान्यात एनसी लेथवर (कागदी टेपवरच्या आकड्यांनी चालणारं कातकामाचं यंत्र) सेटर होते, म्हणजे जॉबसाठी यंत्र लावून द्यायचे. माळा आवरताना त्यांची पत्र्याची पेटी सापडली. आत पंच केलेल्या कागदी टेपच्या ३७ गुंडाळ्या. प्रत्येकीच्या सुरुवातीच्या कोऱ्या टोकावर त्यांच्या अक्षरात जॉबचं नाव: ‘बुश रफिंग’, ‘फ्लँज दुसरं सेटिंग’. आई म्हणते रद्दीत घाल. रद्दीवाला म्हणतो, भोकं पाडलेला कागद कोण घेणार?

भंगारातून एक ऑप्टिकल रीडर मिळवला. आठ ट्रॅकचा, वर दिवा, खाली नऊ फोटोट्रान्झिस्टर: आठ डेटाचे, एक मधल्या बारीक फीड होलचा (टेप पुढे सरकवायची भोकांची रांग). आउटपुट ५ व्होल्टचं आहे म्हणून थेट अर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडला, फीड होलची तार इंटरप्टवर, म्हणजे ते भोक आलं की लगेच बाकीची आठ वाचली जातात. टेप झकास सरकते, पण टर्मिनलवर कचरा येतो. गंमत म्हणजे कचऱ्यालाही शिस्त आहे. ठरावीक अंतराने एक चौकोन, त्याच्या पुढे हमखास कॅपिटल ‘ई’. थोड्या वेळाने स्मॉल ‘जी’, मग ‘७’. मोकळ्या जागा ढीगभर. आणि लॅपटॉप अधूनमधून टुण्ण वाजतो. बायको म्हणाली, सासरेबुवा बोलतायत.

वायरिंग चुकलंय की रीडर गेलाय?

सोल्डरगन:
रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला लावला नाहीत हे उत्तम, त्याच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवर ५ व्होल्ट दिले असते तर तो बोर्ड गेला असता. फीड होलवर इंटरप्ट हेही बरोबर. ते मुद्दाम डेटाच्या भोकांपेक्षा बारीक ठेवलेलं असतं, म्हणजे त्यातून उजेड येतो तेव्हा बाकीची भोकं पूर्ण उघडलेली असतात. फक्त त्या तारेवर श्मिट ट्रिगर (थरथरणारा सिग्नल साफ करणारं सर्किट) टाका, नाहीतर एकच अक्षर दोनदा मोजलं जाईल.

टर्मिनल मात्र बंद करा. अर्डुइनोकडून नुसते आकडे छापून घ्या, ० ते २५५. आणि पॅरलल रीडर (आठही ट्रॅक एकदम देणारा) मिळाला म्हणून देवाचे आभार माना. मी टेलिटाइपशी (तारेवरून एकेक अक्षर छापणारं जुनं यंत्र) झगडतोय, त्याचा वेग ११० बॉड आणि माझी यूएसबी केबल ३०० बॉडच्या खाली उतरायला तयार नाही.

निवृत्त सेटर:
भोसरीकर, वायरिंग अगदी बरोबर आहे, रीडरही ठणठणीत. टेप ईआयए कोडची (एनसी यंत्रांचा जुना कोड) आहे आणि तुम्ही ती आस्की (कॉम्प्युटरचा अक्षरांचा कोड) समजून वाचताय.

तुमचा ‘ई’ म्हणजे ‘एन’, ब्लॉकचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका ओळीचा, नंबर. ‘जी’ची भोकं आस्कीतल्या स्मॉल ‘जी’शी जुळतात, तेवढा योगायोग. ‘७’ दिसतोय तो ‘एक्स’. मोकळ्या जागा म्हणजे शून्यं. ईआयएत शून्याला फक्त सहाव्या ट्रॅकवर भोक असतं. टुण्ण वाजतं तो खरा सात: ट्रॅक १, २, ३. आस्कीत ती घंटी आहे. आठ आला की बॅकस्पेस. सगळ्यात लबाड तीन. आस्कीत तो एक्स-ऑफ, म्हणजे ‘पाठवणं थांबव’ असा इशारा. टर्मिनलमध्ये एक्सऑन-एक्सऑफवर (असे इशारे पाळायची सोय) टिक असेल तर तो गुपचूप गिळला जातो. ३५चा व्यास ५ होईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही.

खात्री करायची तर टेप उजेडाला धरा. फीड होलच्या एका अंगाला तीन ट्रॅक, दुसऱ्या अंगाला पाच. पाचवाल्या कडेचा शेवटचा तो आठवा. तिथे लांब लांब, एकेकटं भोक दिसलं तर ईआयए. तोच ब्लॉकचा शेवट, तुमचा चौकोन. आयएसओ टेपमध्ये (आस्कीसारखा दुसरा कोड) आठवा ट्रॅक पॅरिटीचा, म्हणजे भोकांची संख्या सम करायचा, असतो, त्यामुळे तिथे पदोपदी भोक. एका आडव्या ओळीतली डेटाची भोकं मोजलीत तर ईआयएत विषम, आयएसओत सम.

भोसरीकर:
काका, लोटांगण! आठव्या ट्रॅकवर एकेकटंच भोक आहे. रात्री बसून कोडांचा तक्ता प्रोग्रॅममध्ये टाकला आणि ‘बुश रफिंग’ पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं गेलं. इंचाला १० अक्षरं, म्हणजे ५० फुटांच्या गुंडाळीत फक्त ६,०००. अख्खी पेटी मोबाइलच्या एका फोटोहून लहान भरेल.

‘फ्लँज’मध्ये मात्र ११ ठिकाणी भोकं सम येतायत, बरीचशी एकाच वीतभर जागेत.

निवृत्त सेटर:
तिथे कागद पिवळट, पारदर्शक दिसतोय का? मग तेलाचा हात लागलाय. तेल प्यायलेल्या कागदातून दिव्याचा उजेड आरपार जातो आणि रीडरला नसलेली भोकं दिसतात. दिव्याचा व्होल्टेज थोडा थोडा उतरवून बघा. राहतील त्या ओळी भिंगाने वाचा, आम्ही तसंच करायचो. आणि वाचून झाल्यावर त्या टेपा रबरबँड लावून ठेवू नका, कडा दुमडतात.

भोसरीकर:
दिवा उतरवला, ११च्या २ राहिल्या. एक तेलाचीच होती, पाचाच्या जागी अंगठ्याचा स्पष्ट ठसा. दुसरीत रीडरला काहीच दिसत नव्हतं. भिंग लावलं तर चौथ्या ट्रॅकवर पंचाची टिकली पूर्ण सुटलीच नव्हती, एका कोपऱ्याला लटकून भोक झाकत होती. सुईच्या टोकाने काढली. आठ होता.